सुती कागदाची चौकशी

ड्राय फोर्क, मोंटाना
२ एप्रिल १९७८

प्रिय आर्डिस,

फोनच करणार होतो. पण आमच्या फोनच्या एकाच लाइनवर सात घरं आहेत आणि सातही घरांना कान आहेत. गोष्ट नाजूक, म्हणून पत्र.

माझा कागद संपला. इतकी वर्षं मी बंदुकीच्या गोळ्यांना जो गुंडाळत होतो, तो करणारी गिरणी बंद पडली. दुकानातले आणून पाहिले, सगळा लाकडाचा लगदा. ओला करून जरा ओढला की दुधात बुडवलेल्या पावासारखा हातात येतो. मला हवा सुती चिंध्यांचा, कांद्याच्या सालीसारखा, ओला असतानाही ताण सोसणारा. ओतलेल्या गोळीवर दोन वेढे बसले पाहिजेत, टोकाला टोक भिडलं पाहिजे, मागे उरलेली शेपटी पिळून बुडाशी दाबता आली पाहिजे. वाळला की तो शिशाला कातडीसारखा चिकटतो. नळीतल्या आट्या त्याला चिरतात आणि बाहेर पडताच तो कपटे होऊन उडतो. उडाला नाही, तर गोळी कुठे जाईल ते गोळीलाच माहीत.

परवा शहरातल्या एका दुकानात कागदाचा कोपरा जिभेवर ठेवून ओढून बघत होतो. दुकानदारीण म्हणाली, "आजोबा, भूक लागली असेल तर शेजारी खानावळ आहे."

तू आपल्या घरातली पहिली पदवीधर, त्यात संग्रहालयात कामाला. कागदातलं तुला कळत असणार. बघ काही मिळतं का. आणि कुणाला बोलू नको. इथला माणूस मासे धरायची जागा सांगेल, बायकोचं खरं वय सांगेल, पण कागद कुठून आणतो ते सांगणार नाही. नेमबाजीचा सामना संपला की लोक गुडघ्यांवर रांगत दुसऱ्यांच्या जागेसमोरचे कपटे गवतातून वेचतात आणि घरी नेऊन भिंगाखाली धरतात. मीही वेचतो, खोटं कशाला बोलू?

सप्टेंबरच्या सामन्यात उतरायचंय. आजोबांची बंदूक अजून ठणठणीत आहे, डोळे मात्र फार दिवस साथ देतील असं वाटत नाही. हा सामना मला हवाय.

तुझा,
लाइलमामा

*

विलो क्रॉसिंग
११ एप्रिल १९७८

प्रिय मामा,

पत्र वाचून आधी हसले आणि मग कामाला लागले. सोबत पाच नमुने आहेत. दोन टाइपरायटरचे, एक हवाई टपालाचा, एक नकाशे गिरवायचा. पाचवा कुठला ते दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. चाटून कळव.

संग्रहालयाचं मात्र आधीच सांगून टाकते. तळघरात एक पेटी आहे. तीत जुन्या जमीन कचेरीतले, सरकार वसायला येणाऱ्यांना जमीन वाटायचं तेव्हाचे, न वापरलेले कागद आहेत. सुती, फिक्या निळ्या रेघांचे, इतके पातळ की खाली धरलेला हात दिसतो. तू मागण्याआधीच उत्तर देते: नाही. ते वापरले गेले नाहीत, कारण पुढे जमीन मागायला कुणी आलंच नाही. कुणी का आलं नाही, हेही या जिल्ह्याचं सत्यच आहे. तुला हे पुस्तकी वाटेल. पण मला ही नोकरी मिळाली ती कुणीतरी या गोष्टींची राखण करावी म्हणून, असं मी धरून चालते.

आमच्या संग्रहालयाच्या मंडळाचे अध्यक्ष वॉससाहेब तुझी चौकशी करत होते. तुमच्याच नेमबाजीच्या क्लबात असतात ना? "मामा हल्ली कुठला कागद वापरतात?" असं सहज विचारलं. मी म्हटलं, मला काही माहीत नाही. बरोबर ना?

तुझी,
आर्डिस

*

ड्राय फोर्क
२३ एप्रिल १९७८

प्रिय आर्डिस,

एमेट वॉस सहज काही विचारत नाही. तो "आज हवा छान आहे" म्हणाला तरी मी आधी कोट चाचपतो. उत्तर योग्य दिलंस.

नमुने वाया गेले. हवाई टपालाचा त्यातल्या त्यात बरा, पण दमट हवेत सैल पडतो. गिरवायच्या कागदानं तर नळीत राख करून ठेवली, साफ करता करता खांदा भरून आला. तुझा तो बेवारशी पाचवा कागद गोळीबरोबर निशाणापर्यंत चिकटून गेला असावा. गोळी निशाणाला लागली नाही, हेन्रीच्या पाण्याच्या टाकीला लागली. हेन्रीशी सध्या बोलणं बंद आहे.

त्या पेटीचं म्हणशील, तर ज्यावर कुणी अक्षर काढलं नाही त्या कोऱ्या कागदाला कसला आलाय इतिहास? उद्या माझी रिकामी बरणीही कपाटात मांडशील. असो, रागावू नको. ट्रॅक्टरचा एक भाग आणायला मे महिन्यात गावात येतोय. पेटी नुसती दाखव. चाटणार नाही, वचन.

लाइलमामा

*

विलो क्रॉसिंग
१९ जून १९७८

प्रिय मामा,

महिना झाला तुला येऊन. तू आलास, बरं वाटलं. टोलेफसनबाई अजून तुझी नक्कल करून दाखवतात. (मंडळावरच्या त्या म्हाताऱ्या बाई, तू ज्यांच्या टोपीला "घरटं" म्हणालास त्या.)

एक विचारायचं होतं. आपण तळघरात होतो तेव्हा वर फोन वाजला म्हणून मी गेले, आठवतं? मी परत येईपर्यंत तू खाली एकटाच होतास. तेव्हा पेटीचं झाकण नीट लागत होतं का? काल उघडली तर आतला गठ्ठा बसल्यासारखा वाटला. दमट हवेनंही असेल. तू झाकण उचललं होतंस का? उचललं असलंस तरी काही नाही. फक्त कळव.

गेल्या रविवारचा सामना कसा झाला? कागदाचं काय केलंस?

आर्डिस

*

ड्राय फोर्क
२ जुलै १९७८

प्रिय आर्डिस,

तुझं पत्र तीनदा वाचलं. इथे एखाद्याची गाय हरवली की तो शेजाऱ्याकडे जाऊन "तुमचं कुंपण ठीक आहे ना?" असं विचारतो. तसं वाटलं. झाकण ठीक होतं. तू उघडून दाखवलंस तेवढंच मी पाहिलं.

आता मी एक विचारतो. त्या पेटीतला कागद खरंच कुणालाच मिळत नाही? की मामाला मिळत नाही एवढंच?

सामना बरा झाला. मला कागद मिळालाय. त्यासारखा कागद आजवर हाताला लागला नव्हता. ओला करून ओढला तर व्हायोलिनच्या तारेसारखा ताठ होतो, आणि उडतो असा की कपटे गवतावर बर्फासारखे पडतात. दोनशे यार्डांवर पाच गोळ्या कॉफीच्या बशीएवढ्या जागेत बसल्या. कुठून मिळाला ते विचारू नको. आणि हे तुला दुसऱ्या कुणी विचारायला सांगितलं असेल, तर त्यालाही सांग, विचारू नको.

लाइलमामा

*

विलो क्रॉसिंग
१४ ऑगस्ट १९७८

प्रिय मामा,

मला कुणीही काही विचारायला सांगितलेलं नाही. पेटीतला कागद कुणालाच मिळत नाही. तू तसं का विचारलंस, मला कळलं नाही.

गुरुवारी तुझ्याकडे आले होते. तू गुरांच्या बाजाराला गेला होतास. चोकचेरीचा मुरांबा टेबलावर ठेवला, डीकनला पाणी ठेवलं (किती म्हातारा झालाय रे तो कुत्रा, मला ओळखायला त्याला वास घ्यावा लागला) आणि लगेच निघाले.

तुझ्या नव्या कागदाचं एक पान पाठवशील? नुसतं बघायला. जुने कागद ओळखायला शिकतेय, तेवढीच सवय होईल.

आर्डिस

*

ड्राय फोर्क
२० ऑगस्ट १९७८

आर्डिस,

मुरांबा चांगला झालाय. साखर जरा जास्त. तुझी आईही अशीच हात सैल सोडायची.

गुंडाळलेल्या गोळ्या मी कामाच्या बाकावर वाळत ठेवतो, शेपट्या भिंतीकडे करून. तू येऊन गेलीस त्या गुरुवारी त्यांतली एक खिडकीकडे बघत होती. डीकन बाकावर चढत नाही.

बाकाच्या खालच्या खणाला कुलूप आहे, ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

पान पाठवत नाही. का पाठवत नाही ते विचारलंस तर सांगेन. पण इथे येऊन, समोर बसून विचार. पत्रातून नाही.

लाइलमामा

*

विलो क्रॉसिंग
९ सप्टेंबर १९७८

प्रिय मामा,

हे पत्र लिहायला मला फार जड जातंय, म्हणून सरळच लिहिते.

पेटीतला अर्ध्याहून जास्त कागद गेला आहे. जुलैअखेर नीट तपासल्यावर शंका उरली नाही, तेव्हा मंडळाला मीच कळवलं. राखणदारानं गप्प बसायचं तर राखणदार हवा कशाला?

तुझ्या घरी मी फक्त मुरांबा ठेवायला आले नव्हते. गोळी मीच उचलून पाहिली. तिच्यावरचा कागद तसाच होता, तितकाच पातळ. कापलेल्या पट्टीवर रेघा दिसल्या नाहीत, पण रेघांच्या मधली पट्टी कापली तर त्या दिसणारही नाहीत. आई गेल्यावर मी त्या घरात वाढले. तिथल्या एकाही खणाला कधी कुलूप नव्हतं.

समोर येऊन विचार म्हणालास. मी निघालेही होते, पण अर्ध्या वाटेवरून परतले. तू समोर बसून "नाही" म्हणाला असतास तर मी विश्वास ठेवला असता, आणि तो प्रेमापोटी ठेवलेला विश्वास असता. त्याचीच मला भीती वाटली.

बैठकीत वॉससाहेबांनी विचारलं, "तळघरात एकटं कोण गेलं होतं?" मी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. मग ते अगदी मायेनं म्हणाले, "आर्डिस, नातं आणि नोकरी एका खुंटीला टांगू नये." मला ते पटलं. मी तुझं नाव लिहून दिलं. खाली सही केली.

उरलेला कागद परत दिलास तर प्रकरण पुढे जाणार नाही, असं ते म्हणाले आहेत.

आर्डिस

*

ड्राय फोर्क
१५ सप्टेंबर १९७८

संग्रहालयाच्या राखणदारबाईंना,

तुम्ही सही केलेल्या कागदाची नक्कल क्लबच्या चिटणिसानं मला पाठवली. निकाल लागेपर्यंत मी मैदानावर पाऊल ठेवायचं नाही, असा क्लबचा हुकूम. तेव्हा सप्टेंबरचा सामना झाला आणि मी घरी कुंपण नीट करत होतो. सही वाचली. सहीखाली पदवीही लिहिली आहे, ते बरं केलंत.

सोबत दोन पुड्या आहेत.

पहिलीत माझ्या गोळ्यांचे कपटे आहेत आणि पट्ट्या कापून उरलेला एक तुकडा. तुकडा वाचा. "एकट्या बाईनं जमीन मागितली की कचेरीत आधी हसू होई" असं काहीसं आहे. ओळखीचं वाटतं का?

हो. तुझा प्रबंध आहे. पदवीच्या दिवशी मला दिलेली कार्बनप्रत. विद्यापीठाला प्रती सुती कागदावर लागतात, हे तूच तेव्हा कौतुकानं सांगितलं होतंस. वसंतात एकदा वाचायला काढला, पान उलटताना सवयीनं कोपऱ्याला जीभ लावली, आणि मी संपलो. चार दिवस तो मी परत ठेवत होतो आणि पुन्हा काढत होतो. मग स्वतःला एक नियम घालून घेतला: वाचलेलंच पान कापायचं. आधी डीकनला मोठ्यानं वाचून दाखवायचं, मग कापायचं. उन्हाळाभर मला गोळ्या कमी पडल्या त्या यामुळे. तुझी वाक्यं फार लांब असतात. पान बत्तीसवर तुझी चूकही आहे. एंगनबाईंची विहीर त्यांच्या भावानं खणली नव्हती. त्यांनी स्वतः खणली. मी लहान होतो, बादल्या ओढायला गेलो होतो.

अक्षरांची बाजू आत शिशाकडे ठेवून गुंडाळायचो ते, आणि खणाला कुलूप तेही, त्यासाठीच. घरातल्या पहिल्या पदवीचा कागद मी चिरतोय, हे तुला दिसू नये म्हणून. तू येऊन विचारतीस तर लाज गिळून सांगितलं असतं.

दुसरी पुडी जूनच्या सामन्यातली. तिसऱ्या जागेसमोरच्या गवतातून वेचलेली. निळ्या रेघा दिसतील. तिसऱ्या जागेवर कोण बसतं ते मी लिहीत नाही. नाव लिहून द्यायची मला सवय नाही.

जूनमध्ये ओळखलं, तर तेव्हाच का बोललो नाही? कारण मला वाटलं, तूच दिलास. मामाला इतिहास सांगितला आणि साहेबाला कागद दिला. दोन महिने मी हे मनात धरून होतो. तेव्हा मी काही फार धुतल्या तांदळाचा नाही. फरक इतकाच की मी सही केली नाही.

ला. स्टेन्सरूड

*

विलो क्रॉसिंग
२ ऑक्टोबर १९७८

प्रिय मामा,

दोन्ही पुड्या टेबलावर पांढऱ्या कापडावर पसरल्या. तुझ्या कपट्यांवरची अक्षरं लावत बसले. "विहीर", "हिवाळा", "तिच्या नावे". प्रबंध कापलास याचं वाईट वाटलं. वाटणारच, ते लपवत नाही. पण परीक्षकांनी बत्तिसाव्या पानावरची चूक काढली नव्हती. त्यांनी ते पान वाचलं असेल असं आता वाटत नाही.

काल बैठक होती. मी निळ्या रेघांचे कपटे वॉससाहेबांसमोर ठेवले आणि विचारलं, "हे तुमच्या जागेसमोरचे आहेत. तुमचे का?"

ते घाबरले नाहीत, उलट हसले. "माझेच. कोरे कागद, पोरी! त्यावर कुणाचं नाव ना गाव. मंडळाची पेटी, मंडळाचा मी अध्यक्ष. यात चोरी कुठली?"

मी म्हटलं, "मग मामाचं नाव मी लिहिलं तेव्हा तुम्ही गप्प का बसलात?"

"तू इतक्या खात्रीनं लिहीत होतीस. म्हटलं, शिकलेली मुलगी आहे, तिला काही ठाऊक असेल."

सगळे हसले. टोलेफसनबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "एमेट, निदान लाजेखातर टोपी तरी काढ." पण लगेच कॉफी आली, आंबटगोड ऱ्हुबार्बची पेस्ट्री कापली गेली. मी म्हटलं, मामानं कागद घेतलेला नाही एवढं एक वाक्य इतिवृत्तात लिहा. वॉससाहेब म्हणाले, "विषय मिटलाय. मिटलेलं लिहीत नाहीत."

म्हणून ते मीच लिहिलं. सकाळी मैदानावर जाऊन क्लबच्या सूचनांच्या फळीवर चार खिळ्यांनी ठोकून आले: "लाइल स्टेन्सरूड यांनी संग्रहालयाच्या कागदाला हात लावलेला नाही. ज्यांनी घेतला, त्यांनी एक ऑक्टोबरच्या बैठकीत तसं कबूल केलं आहे. मी मामांना न विचारता त्यांच्याविरुद्ध सही केली. ती चूक माझी आहे." सही केली. पदवी लिहिली नाही. तिथे दोघं गोळ्या मोजत बसले होते. एकानं वाचून विचारलं, "मग घेतला कुणी?" मी म्हटलं, "बैठकीला पाच जण होते. कुणालाही विचारा, समोर बसून."

नोकरीचं सोमवारी कळेल. वॉससाहेबांनी तळघराची किल्ली मागून घेतली आहे. उरलेला कागद वाचेल की नाही, सांगता येत नाही. पण माझ्याकडून आणखी एक सही त्यांना मिळणार नाही.

सामना गेला. तो मला परत देता येत नाही, आणि पुढच्या वर्षी तुझे डोळे कसे असतील ते मला माहीत नाही. माफी मागायला पत्र पुरत नाही, हे आता कळतंय. रविवारी यावंसं वाटतं. येऊ का?

आर्डिस

*

ड्राय फोर्क
७ ऑक्टोबर १९७८

प्रिय आर्डिस,

फळीवरचं हेन्रीनं वाचलं आणि मुद्दाम घरी येऊन सांगितलं. म्हणजे आमचं बोलणं सुरू झालं. क्लबचा चिटणीसही येऊन गेला, पुढच्या वर्षाची जागा देऊ म्हणाला. बघू म्हटलं.

राग गेलाय का, असं तू विचारलं नाहीस. बरं केलंस. गेलेला नाही. थोडा आहे. कुंपणाजवळ एकटा असलो की वर येतो, डीकनशी भांडलो की उतरतो. तो आहे म्हणून तू येऊ नयेस असं काही नाही.

रविवारी ये. डुकराचे तुकडे भाजतो, बटाटे आहेत. नोकरी राहिली तरी ये, गेली तरी ये.

एवढंच कर, या खेपेला दार वाजव. आजवर तू कधी वाजवलं नाहीस, आणि वाजवावंस असं मलाही कधी वाटलं नाही. पण रविवारी वाजव आणि बाहेर थांब. गुडघे आखडलेत, मला उठायला वेळ लागेल. तरी थांब. मला स्वतः येऊन उघडायचंय.

तुझा,
लाइलमामा